शाळेतलं जेवण आणि पालक: सहीच्या पुढे काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. दुपारची खिचडी ती जवळजवळ तशीच टाकते आणि घरी आल्या आल्या भाकरी मागते. यंदा तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीत आलात. बैठकीत पोषण आहाराचा विषय निघतो तेव्हा 'आहार रुचकर व पुरेसा आहे' हे वाक्य इतिवृत्तात आधीच लिहिलेलं असतं, तुम्ही फक्त सही करायची. मुख्याध्यापकांना काही विचारलं की ते दुखावतात, आणि स्वयंपाक करणाऱ्या काकू तुमच्याच भावकीतल्या आहेत. मग पालकांनी नेमकं पाहायचं काय, बोलायचं कुठे, आणि आपलं समाधान झालंय की नाही हे ठरवायचं कशावरून?

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत आधी शिक्षिका होते, मग मुख्याध्यापिका झाले आणि शेवटची काही वर्षं केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारी अधिकारी, होते. 1995 साली ही शालेय पोषण आहाराची, म्हणजे मध्यान्ह भोजनाची, योजना सुरू झाली तेव्हा महिन्याला 3 किलो तांदूळ पिशवीत घालून घरी द्यायचा असे. शिजवलेलं जेवण आलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशानंतर. तांदूळ घरी जायचा तेव्हा आया तो निवडायच्या, मापायच्या, खराब निघाला तर दुसऱ्याच दिवशी शाळेच्या दारात यायच्या. जेवण शाळेत शिजू लागलं आणि मुलांचं फार मोठं भलं झालं, यात मला कधीच शंका वाटली नाही. पण आईची नजर त्या ताटापर्यंत पोचेनाशी झाली. तुमच्या प्रश्नाचं मूळ मला इथे दिसतं. पालक समाधानी आहेत की नाराज, हा पुढचा भाग. बहुतेकांनी ते जेवण गरम असताना, साध्या दिवशी, मुलांच्या पंक्तीला बसून खाल्लेलंच नसतं. जे समाधानी असतात ते ग्रुपवरच्या फोटोवरून, जे नाराज असतात ते मुलाच्या एका वाक्यावरून.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी पुढे जे सांगते आहे ते शाळेतच चूल किंवा गॅस असलेल्या गावातल्या शाळेबद्दल. शहरात केंद्रीय स्वयंपाकगृहातून डबे येतात, तिथे पालकांच्या हातात कमी असतं: डबे किती वाजता आले, उघडले तेव्हा जेवण गरम होतं का, आणि मुलांच्या ताटात पडेपर्यंत किती वेळ गेला. तीस मुलांची शाळा आणि तीनशे मुलांची शाळा यांतही फरक पडतो. सर्वांत मोठा फरक मुख्याध्यापक कसे आहेत याने पडतो. तुमचे मुख्याध्यापक दुखावतात असं तुम्ही लिहिलंत. दुखावणारा माणूस बहुतेक वेळा कामाची चाड असलेला असतो, त्याच्याशी बोलता येतं. ज्यांना काहीच वाटत नाही त्यांच्याशी बोलणं अवघड.

आता अधिकाराचं. समितीत 75 टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्यात, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 मध्येच आहे. 2015 च्या मध्यान्ह भोजन नियमांनी याच समितीवर आहाराचा दर्जा, स्वयंपाकाच्या जागेची स्वच्छता आणि एकूण अंमलबजावणी यांवर देखरेख ठेवण्याचं काम सोपवलं आहे. म्हणजे तुम्ही स्वयंपाकघरात डोकावलात तर ती नसती चौकशी ठरत नाही. वाढण्याआधी मोठ्या माणसांनी चव घ्यायची, त्यात निदान एक शिक्षक हवा, आणि तशी नोंद ठेवायची, हेही सांगितलेलं आहे. ती चव नोंदवही मागून बघा. आठ-दहा दिवसांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या दिसल्या तर तुमच्या कामाची सुरुवात तिथून होते.

चव घेण्याचा आग्रह मी इतका का धरते? 16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात, गंडामन गावच्या शाळेत दुपारचं जेवण जेवून 23 मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. तेलाच्या वासाबद्दल स्वयंपाकिणीला संशय आला होता, मुलांनीही चव वेगळी लागते म्हटलं होतं, ते ऐकून घेतलं गेलं नाही. त्या बातमीनंतर माझ्या शाळेत एक नियम केला तो शेवटपर्यंत पाळला: स्वयंपाकिणीला किंवा मुलाला वास वेगळा वाटला तर त्या दिवशीचं वाढणं तिथेच थांबवायचं, वाद नंतर. आणि रोजच्या जेवणाचा थोडा नमुना झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचा. तुमच्या शाळेत हा नमुना ठेवतात का, एवढं विचारल्याने कुणाचाही मान दुखावत नाही.

आता पाहायचं काय, त्याकडे येते. पहिली गोष्ट म्हणजे हिशेब, आणि तो कुठल्याही आईला जमतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल हे प्रमाण आहे. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम तांदूळ, 30 ग्रॅम डाळ, 75 ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल, म्हणजे 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं. समजा तुमच्या शाळेत पाचवीपर्यंतची साठ मुलं आज हजर आहेत. तर पातेल्यात 6 किलो तांदूळ, 1 किलो 200 ग्रॅम डाळ आणि 3 किलो भाजी पडली पाहिजे. तांदूळ सहसा पडतो. भाजी पाहा. तीन किलो भाजी म्हणजे भरलेली पिशवी असते. दोन टोमॅटो, चार बटाटे आणि कोथिंबिरीच्या काड्या दिसल्या तर ताटातला निम्मा विषय तिथेच कळला. माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त कमी पडते ती भाजीच, कारण तांदूळ-डाळ पुरवठादाराकडून येते आणि भाजी शाळेने विकत आणायची असते. भाजी-इंधनाचे पैसे उशिरा मिळतात, तोवर मुख्याध्यापक स्वतःच्या खिशातून किंवा दुकानदाराच्या उधारीवर चालवतात. साहित्याचा सगळा दर मे 2025 मध्ये प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे ठरला, सहावी ते आठवीला 10 रुपये 17 पैसे. तांदूळ यातून वेगळा, पण डाळ, तेल, मसाला, भाजी आणि इंधन सगळं यातच. बाजारभाव तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहेत.

दुसरी गोष्ट वेळ. तुमच्या मुलीच्या बाबतीत माझा पहिला संशय यावरच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. ताज्या गरम खिचडीला मुलं सहसा नाही म्हणत नाहीत. तीच खिचडी साडेदहाला उतरवून दीडला वाढली की तिचा गोळा होतो, वरचा थर सुकतो, डाळ घट्ट बसते. पहिलीच्या पोराच्या घशाखाली ती उतरत नाही. मग जेवण लवकर का उतरतं? स्वयंपाकी तथा मदतनीस असं ज्यांचं पद आहे, त्या बाईंना महाराष्ट्रात महिन्याला 2500 रुपये मानधन मिळतं, तेही 2023 मध्ये वाढल्यानंतर, आणि वर्षातले दहा महिने. ते दर महिन्याला वेळेवर हातात पडत नाही, ही तक्रार मी जिथे जिथे काम केलं तिथे ऐकली. खुरपणीच्या दिवसांत त्यांना शेतावर जायचं असतं, कारण घर त्या मजुरीवर चालतं. म्हणून अकराच्या आत पातेलं उतरवून त्या निघतात. भांडी घासायला संध्याकाळी येतात किंवा मुलींना घासायला लावलं जातं. यात काकूंचा आळस कुठेच नाही. पण खिचडी मात्र थंड होते. यावर आमच्याकडे निघालेला मार्ग साधा होता: फोडणी आणि डाळ शिजवणं सकाळी, तांदूळ टाकायचा मधल्या सुट्टीच्या पाऊण तास आधी, आणि तेवढ्यासाठी दोन्ही बायकांनी आळीपाळीने थांबायचं. 26 ते 100 मुलांमागे दोन जणी नेमता येतात. तुमच्या शाळेत दोन आहेत का, की दुसरीचं नाव फक्त कागदावर आहे, हे बघा.

सोमवारची उसळ कच्ची लागते, हे बऱ्याच शाळांत दिसेल. मटकीला मोड यायला आदल्या दिवशी भिजवावी लागते, आणि रविवारी शाळा बंद. सोमवारी उसळीच्या जागी मूगडाळीची खिचडी घ्या आणि मटकी मंगळवारपासून पुढे ढकला, इतकंच सुचवलं तरी एक तक्रार कायमची मिटते.

तिसरी गोष्ट तिखट. मिरची पावडर, कांदा-लसूण मसाला हे सगळं ठरलेल्या प्रमाणात शाळेत येतं आणि स्वयंपाक करणारा हात घरच्या सवयीने टाकतो. आठवीच्या मुलाला जे चविष्ट लागतं ते पहिली-दुसरीच्या मुलाला झोंबतं. मूल घरी येऊन 'तिखट आहे' असं नीट सांगतंच असं नाही, 'मला नको' एवढंच म्हणतं. एका शाळेत आम्ही लहान मुलांसाठी मसाला घालण्याआधी थोडी खिचडी वेगळी काढायला लागलो, आणि पहिलीच्या ताटांत उरणारं अन्न डोळ्यांदेखत कमी झालं.

म्हणून मुलीला 'जेवण कसं होतं' असं विचारू नका. त्याला उत्तर 'चांगलं' किंवा 'घाण' एवढंच येतं. तिला विचारा: आज काय होतं, तू दुसऱ्यांदा मागितलंस का, मागितलं तर मिळालं का, आणि तुझ्या शेजारच्या मैत्रिणीने काय टाकलं. आठवडाभर अशी उत्तरं ऐकलीत की आवडीनिवडीचा भाग किती आणि शाळेचा भाग किती, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

एक गैरसमज इथेच दूर करते, कारण समितीत आलात म्हटल्यावर तो तुमच्यापर्यंत येणारच. शाळेच्या तांदळात काही दाणे वेगळ्या रंगाचे, थोडे हलके, पाण्यावर तरंगणारे दिसतात आणि गावात 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून ओरड होते. तो पोषणमूल्य वाढवलेला तांदूळ आहे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळून दाण्याच्या आकाराचे कण तयार करतात आणि साध्या तांदळात साधारण शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. आयांनी ते दाणे निवडून फेकून दिलेले मी पाहिले आहेत. म्हणजे मुलांच्या अंगी लागावं म्हणून जे घातलं तेच उकिरड्यावर गेलं. मुख्याध्यापकांनी पालकसभेत मूठभर तांदूळ ताटलीत घेऊन हे दाखवलं पाहिजे, पत्रक वाचून काम होत नाही. उलट ज्याची ओरड व्हायला हवी ते म्हणजे सोंडे पडलेली डाळ, बुरशीचा वास, आणि वजनात कमी भरलेली पोती. धान्य उतरवताना शाळेत ते मोजून घ्यायचं असतं. त्या दिवशी समितीतल्या एका पालकाने काट्याजवळ उभं राहावं. पोतं कमी भरलं तर पावतीवर तिथेच लिहावं, खराब निघालं तर ते बाजूला ठेवून पंचनामा करावा आणि बदलून मागावं. माल एकदा खोलीत गेला की मुख्याध्यापकांच्या हातात काही उरत नाही, आणि पुढे महिनाभर दोष काकूंच्या माथी येतो.

एवढं पाहिल्यावर तुमच्या लक्षात येईल की ताटातल्या खिचडीत पुरवठादार, भाजीचे पैसे, मानधन, वेळ आणि हात अशा पाच जणांचा वाटा असतो. पालक मात्र ज्या एकाच माणसाला ओळखतात त्याच्यावर, म्हणजे स्वयंपाकिणीवर, नाराजी काढतात. ग्रुपवर व्हिडिओ फिरतो, तिला काढतात, दुसरी येते, आणि खिचडी तशीच राहते. म्हणून तुम्ही भावकीची भीती घेऊन बसलात त्यावर माझं म्हणणं असं की काकूंना विरुद्ध बाजूला उभंच करू नका. सर्वांत आधी त्यांच्याशीच बोला, चुलीपाशी बसून. काय कमी येतं, काय खराब येतं, पैसे कधी मिळाले, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, आणि त्यांना कुणी कधी विचारलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती अवघड आहे पण टाळता येत नाही. काही घरांची नाराजी जेवणाबद्दल नसतेच, ते कुणी शिजवलं याबद्दल असते. हे कुणी उघड बोलत नाही. 'आमच्या मुलाला पोटदुखी होते' असं सांगून डबा देतात. डिसेंबर 2021 मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित भोजनमातेने शिजवलेलं अन्न मुलांनी नाकारल्याची बातमी देशभर गाजली होती. आपल्याकडे असं काही नाही, असं म्हणून मी डोळे मिटणार नाही. अशी तक्रार समितीपुढे आली तर तिला आहाराची तक्रार म्हणून नोंदवूच नका. एकत्र पंक्तीला बसणं हा या योजनेचा अर्धा जीव आहे. अशा वेळी समितीच्या सगळ्या सदस्यांनी त्याच दिवशी, त्याच बाईंच्या हातचं, मुलांबरोबर जेवावं.

आता रोजच्या सहभागाचं. आमच्या केंद्रातल्या काही शाळांत चाललेली पद्धत सांगते. रोज एका मुलाची आई, हजेरीपटाच्या क्रमाने, सुट्टीच्या अर्धा तास आधी येते, स्वयंपाक बघते, चव घेते, वाढायला मदत करते आणि मुलांबरोबर जेवते. क्रमाने म्हणते कारण ज्या बोलक्या असतात त्याच येत राहिल्या तर बाकीच्यांना ते आपलं वाटत नाही. मजुरीला जाणाऱ्या आईला अर्धा दिवस परवडत नाही, तिच्याऐवजी आजी-आजोबा चालतात, वडील तर जरूर चालतात. आणि वहीत 'रुचकर होता' असं लिहायचं नाही. चार गोष्टी लिहायच्या: वाढलं तेव्हा गरम होतं का, भाजी कोणती आणि अंदाजे किती, किती मुलांनी दुसऱ्यांदा घेतलं, आणि बादलीत किती उरलं. उरलेल्या अन्नाची बादली सर्वांत खरं बोलते. पाहुणे येणार म्हणून त्या दिवशी चांगलं केलं असेल, तरी पंधरा दिवसांच्या नोंदी एकाखाली एक वाचल्या की कुठल्या वारी काय उरतं ते समजतं. ग्रुपवरून मागवलेल्या समाधानाच्या अर्जांचा मला कधीच उपयोग झाला नाही. सगळे 'होय' लिहितात, कारण मूल त्याच शाळेत असतं.

अंड्यांचा विषय तुमच्या समितीत निघेलच. 2023 च्या अखेरीस आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्यांना केळं, असं सुरू झालं होतं. जानेवारी 2025 मध्ये सरकारने त्याचा वेगळा निधी बंद केला आणि लोकसहभागातून द्यावं असं सांगितलं. मला हे पटलेलं नाही. ज्या गावात लोक वर्गणी काढू शकतात तिथल्या मुलांना अंडं आणि वाड्या-वस्त्यांवरच्या मुलांना नाही, असं यातून होतं. पण निर्णयाची वाट पाहत मुलांची वर्षं जातात. साठ मुलांना आठवड्याला दोन ट्रे लागतात. गावातल्या वाढदिवसांना, बारशाला, कुणाच्या पुण्यतिथीला स्नेहभोजन देण्याची प्रथा आहेच. त्यात जिलेबीऐवजी दोन ट्रे अंडी आणि चार डझन केळी मागा. अंडं खायचं की केळं हे घराघरांतून आधी लिहून घ्या आणि दोन्हींना एकाच पंक्तीत बसवा. परसबागेत शेवगा आणि पालक लावला तर भाजीचा प्रश्नही थोडा हलका होतो, पण उन्हाळ्यात पाणी कोण घालणार हे ठरवल्याशिवाय लावू नका.

तक्रार कुठे करायची? मुलांना उलट्या-मळमळ झाली तर कुणाची वाट पाहायची नाही: 108 ला फोन, प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि पातेलं तसंच झाकून ठेवायचं. बाकी सगळ्यासाठी आधी मुख्याध्यापक, तोंडी. फरक पडला नाही तर समितीच्या बैठकीत ठराव. त्यानंतर केंद्रप्रमुख आणि पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. ठरावात 'आहार निकृष्ट' असं लिहिलं तर त्याचं काही होत नाही. 'अमुक तारखेला आलेल्या मसूरडाळीच्या पोत्यात सोंडे होते, बदलून मिळावी' असं लिहिलं तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. एखाद्या दिवशी आहार शिजलाच नाही, तर त्या दिवसाचं धान्य आणि खर्चाची रक्कम मुलांना अन्नसुरक्षा भत्ता म्हणून पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत मिळायला हवी, हेही 2015 च्या नियमांत आहे. तो कुणी मागत नाही म्हणून मिळत नाही.

पुढच्या बैठकीत तुम्ही एवढंच करा: इतिवृत्तातलं तयार वाक्य वाचून दाखवायला सांगा आणि त्याखाली 'आहार किती वाजता वाढला जातो व भाजी किती आणली जाते याची नोंद रोज ठेवावी' हे एक वाक्य घालून घ्या, मग सही करा. मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी भेटून सांगा की हे मांडणार आहे. भरसभेत अचानक काढलेला विषय माणसाला कोपऱ्यात ढकलतो.

राहिला तुमच्या मुलीचा डबा. खिचडीची वेळ आणि तिखट सुधारेपर्यंत तिला भाकरी जरूर द्या. आपला मुद्दा सिद्ध करायला लेकराला उपाशी ठेवायचं नाही. फक्त तिने पंक्तीतच बसावं, थोडी खिचडी घ्यावी आणि भाकरी तिच्याबरोबर खावी. वेळ बदलल्यावर पंधरा दिवसांनीही ती खिचडी टाकतच असेल, तर मला पुन्हा लिहा. मग तिचं वजन, जंताचं औषध आणि दुधाचे दात पडताहेत का, तिकडे पाहू.